चार ते चारोळी: एका हंगामाच्या कामाच्या नोंदी

काम: रानातल्या चाराच्या (चार म्हणजे चारोळीचं झाड आणि त्याचं फळही) झाडांची फळं उतरवणे, बी काढणे, फोडणे, चारोळी वेगळी करणे आणि गावातच खाण्या-विकण्यालायक करणे. ठिकाण: धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली. ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातली झाडं, हात बचत गटाच्या बायांचे आणि गावातल्या पोरांचे. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी मापं आणि अडचणी जशा आल्या तशा लिहिल्या आहेत.

2 एप्रिल

झाडांची पाहणी. फळं वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, सगळी हिरवी. सुरीने फळ मधोमध कापलं तर बीसकट कापलं जातं, म्हणजे कवच अजून धरलेलं नाही. बीतला गर दुधासारखा पातळ. या अवस्थेत उतरवलेल्या फळात चारोळी नसतेच. वाळल्यावर आत फक्त एक चुरगळलेली साल सापडते.

पिकण्याचा क्रम असा: हिरवं, मग देठाकडून लालसर-जांभळं, मग काळं. एकाच घोसात तिन्ही रंग एकदम असतात. घोसातली निम्मी फळं काळी झाली की झाड उतरवण्याजोगं समजावं. आपल्याकडे हे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मे संपेपर्यंत चालतं. खडकाळ उतारावरची झाडं आधी, नाल्याकाठची उशिरा.

6 एप्रिल

ग्रामसभेत ठराव: 25 एप्रिलच्या आत कोणी चार तोडायचा नाही. फांदी तोडणाऱ्याला दंड. या एका ठरावावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चाराचं झाड कोणाच्या मालकीचं नसतं. जो आधी जाईल त्याचा माल. त्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या एक दिवस आधी जातो आणि शेवटी अख्खं गाव कच्चा माल तोडून बसतं. बी फोडायचं यंत्र कितीही चांगलं आणा, रिकाम्या बीतून चारोळी निघत नाही.

फांदी तोडण्याचंही तसंच. फुलोरा फांदीच्या शेंड्याकडे येतो. शेंडे छाटले की पुढच्या सालचा माल गेला, आणि मोठी फांदी तोडली तर कित्येक वर्षांचा.

17 एप्रिल

ठरावाआधी तोडलेला थोडा माल काही घरांत होता. तो मागून घेतला आणि तपासला. बी धुऊन बादलीत टाकली. तिसऱ्या हिश्शाहून जास्त बी वर तरंगली. तरंगणारी फोडून पाहिली: आत साल, किंवा तांदळाच्या कणीएवढा पिवळा गर. बुडालेल्यातही बरेच गर सुरकुतलेले.

ही पाण्याची परीक्षा फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. फळ धुऊन काढलेल्या ओल्या बीवरच करावी. वाळलेल्या बीच्या कवचात हवा धरते, मग चांगली बीसुद्धा सुरुवातीला तरंगते.

27 एप्रिल

उतरवणी सुरू. साधन: लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडी, खाली अंथरायला जुन्या लुगड्यांची शिवलेली सोड. आकडीने फांदी पकडून हलवायची, ओढायची नाही. चाराची फांदी ठिसूळ असते, ओढली की कडकन मोडते. हलवल्यावर पिकलेलं फळ गळतं, हिरवं झाडावर राहतं. त्याच झाडाला आठवड्याने परत जावं लागतं. मजुरी दुप्पट वाटते, पण माल निवडायचा त्रास वाचतो.

अंधारात जंगलात जायचं नाही. या दिवसांत अस्वल मोहाच्या आणि चाराच्या झाडाखालीच असतं. उजाडल्यावर, तिघा-चौघांनी, बोलत जायचं.

खाली पडलेली जुनी फळं सोडीत मिसळू नयेत. त्यांना बुरशी असते आणि मुंग्यांनी तोंड घातलेलं असतं. ती वेगळ्या टोपलीत, रोपांसाठी.

30 एप्रिल

ताज्या फळाचं काय होतं ते आधी. गर पातळ, गोड-आंबट, बी मोठी. पळसाच्या द्रोणात मापून विकायची रीत बाजारात आहेच. पण सकाळी तोडलेला चार संध्याकाळी मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. आठवडी बाजार तोडीच्या दिवशीच असेल तरच ताजा विकावा.

उरलेल्या फळांचं सरबत करून पाहिलं. माप: 1 किलो काळी पिकलेली फळं, दीड लिटर पाणी. हाताने हलकं चोळून गर सोडवायचा, सुती कापडातून गाळायचं, 100 ग्रॅम गूळ, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. चवीला चांगलं लागतं. दोन गोष्टी बिघडल्या. पहिल्या घाण्यात फळं जोरात रगडली गेली, सालीचा तुरटपणा उतरला आणि जीभ धरली. दुसरा घाणा लोखंडी घमेल्यात झाला आणि तासाभरात शाईसारखा काळा पडला. सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की असंच होणार. स्टीलचं भांडं किंवा मडकं वापरा. सरबत त्याच दिवशी संपवा. बाटलीत भरून ठेवायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

2 मे

बी सोडवण्याचं काम. फळं प्लास्टिकच्या ड्रमात पाण्यात भिजत घालायची, रात्रभर, 10 ते 12 तास, त्याहून जास्त नाही. एक ड्रम दुपारपर्यंत तसाच राहिला. पाण्याला फेस आला, आंबूस वास सुटला, आणि तो वास वाळल्यानंतरही बीला राहिला. तो माल वेगळा ठेवला, विक्रीत घेतला नाही.

भिजलेली फळं तागाच्या पोत्यात अर्ध्यापर्यंत भरायची, तोंड बांधायचं आणि खडबडीत फरशीवर पायाने मळायची. साल, गर सुटतो. मग टोपलीत घेऊन तीन पाणी. साल लवकर सुटावी म्हणून पोत्यात मूठभर वाळू टाकायची पद्धत काही गावांत आहे. ती टाळा. वाळूचा कण कवचाच्या शिवणीत अडकतो आणि शेवटी चारोळीबरोबर दाताखाली येतो.

तिसऱ्या पाण्यात तरंगणारी बी काढून टाकायची. या मालात दहा किलोला मूठ-दोन मुठी निघाली. 17 एप्रिलचा माल आठवून पाहा.

धुणंही लोखंडी घमेल्यात नको. कवचावर काळे डाग पडतात, व्यापारी त्याला बुरशी म्हणतो आणि भाव पाडतो.

4 मे

तेंदूपत्त्याची तोड सुरू झाली. पहाटेपासून दुपारपर्यंत घरची सगळी माणसं पानांत, नंतर पुडे बांधण्यात. चाराला हात मिळेनात. तेंदूचा पैसा रोख आणि मोठा असतो, त्याच्याशी चाराची बरोबरी होत नाही. म्हणून वेळापत्रक बदललं: एक दिवसाआड, संध्याकाळी 4 नंतर, गावाजवळची झाडंच. दूरच्या झाडांचा बराच माल पाखरांना आणि वानरांना गेला. पुढच्या हंगामात हे आधीच धरून चालायचं.

8 मे

वाळवण. पहिले दोन दिवस कडक उन्हात, जमिनीवर नाही, बांबूच्या ताट्यावर, बोटभर जाडीचा थर. दिवसातून तीन वेळा हलवायचं. तिसऱ्या दिवशी पातळ सावलीत.

लवकर व्हावं म्हणून थोडा माल टिनाच्या छपरावर टाकला होता. मे महिन्यातलं टिन भाकरी भाजण्याइतकं तापतं. बी फोडून पाहिली तर गराच्या कडा पिवळ्या, तेल सुटलेलं. अशी चारोळी महिन्याभरात खवट होते. टिनावर नको म्हणजे नकोच.

वाळल्याची खूण: मूठभर बी कानाशी हलवली की खडखड आवाज येतो, आत गर सुटा झालेला असतो. दाताखाली धरली की कवच मधल्या शिवणीवर दोन वाट्यांत फुटतं. चिरडून चपटी झाली तर अजून ओल आहे.

वजनाचा हिशोब: 10 किलो ताज्या पिकल्या फळांची वाळलेली बी पावणेतीन किलोच्या आसपास.

11 मे

अवकाळी पाऊस, रात्री. ताट्यांवरचा माल ताडपत्रीखाली झाकला होता, पण ताडपत्री थेट बीवर टाकली होती. सकाळी खाली वाफ धरलेली, बी परत ओली. ताडपत्री बांबूच्या कमानीवर ताणावी, बी आणि ताडपत्रीत वीतभर अंतर हवं. पूर्ण दिवस परत वाळवण्यात गेला.

16 मे

चाळणी. हे काम बहुतेक जण सोडून देतात आणि मग यंत्राला शिव्या देतात.

बी सगळी एका मापाची नसते. नाल्याकाठच्या झाडाची मोठी, खडकावरच्या झाडाची बारीक. फोडताना दोन दगडांमधलं अंतर एकच असतं. ते मोठ्या बीला लावलं तर बारीक बी न फुटता खाली पडते. बारीकला लावलं तर मोठ्या बीतल्या गराचा भुगा होतो. म्हणून फोडण्याआधी गोल भोकांच्या दोन चाळण्यांतून माल काढून तीन प्रती केल्या: मोठी, मधली, बारीक. चाळण्या तालुक्याच्या गावातल्या पत्रेवाल्याकडून करून घेतल्या, जुन्या तेलाच्या डब्यांचा पत्रा, 10 आणि 8 मिलिमीटरची भोकं. दोन्ही मिळून 700 रुपये. सगळ्या खर्चात हाच सगळ्यात कामाचा निघाला.

18 मे

जात्यावर फोडणी. घरचं दळणाचं जातं चालतं, फक्त वरची तळी (दगड) उचलावी लागते. मधल्या खिळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापून घातल्या. एकेक चकती वाढवत जायचं, दर वेळी मूठभर बी घालून पाहायची. अंतर बीच्या जाडीपेक्षा किंचित कमी आणि गराच्या जाडीपेक्षा जास्त हवं. मधल्या प्रतीला 6 मिलिमीटरच्या प्लायवूडची पट्टी दोन्ही तळ्यांमध्ये जेमतेम शिरेल इतकं अंतर बसलं.

घास थोडा घालायचा, एका वेळी अर्धी मूठ. फिरवणं सावकाश. जोरात फिरवलं तर बी घरंगळत कडेला जाते आणि न फुटताच बाहेर पडते.

पहिल्या घाण्यात चारोळीचे तुकडेच जास्त. बी उन्हातून उचलून तशीच जात्यात गेली होती. कोरडं कवच काचेसारखं तडकतं आणि त्याच धक्क्यात गरही तुटतो. उपाय जुन्या बायांकडे होताच: आदल्या रात्री बीवर पाणी शिंपडून पोत्यात बांधून ठेवायची. माप बसवलं ते असं: 10 किलो बीला 300 मिलिलिटर पाणी, शिंपडून हाताने कालवायचं, पोतं बांधून सकाळपर्यंत. गर थोडा चिवट होतो, फुटत नाही. अर्धा लिटर पाणी घातलेल्या पोत्यात कवचच नरम पडलं, फुटण्याऐवजी दबलं आणि गर लगद्यासारखा दगडाला चिकटला. तळ्या उचलून ब्रशने घासाव्या लागल्या.

जात्यावर एक बाई दिवसभरात 5-6 किलो बी फोडते. खांदे भरून येतात. दोघी आळीपाळीने बसल्या तर बरं.

22 मे

विजेची चक्की. डाळ भरडायची जुनी उभ्या दगडांची चक्की मिळाली, 1 एचपीची मोटर. किंमत 9,500, आणायचं भाडं 800.

पहिल्याच घाण्यात सगळा भुगा. चक्की दगडांतल्या अंतराने नाही, वेगाने बिघडवत होती. मोटर मिनिटाला 1440 फेरे, मोटरची पुली 3 इंची, चक्कीची 6 इंची, म्हणजे दगड 720 फेऱ्यांनी फिरत होता. डाळीला ते ठीक आहे. चाराच्या बीला नाही. त्या वेगाने बी दगडावर आपटते, आणि दगड गरम होऊन फुटलेल्या गराचं तेल सुटतं. तेल आणि भुगा मिळून दगडाच्या टाक्यांत (छिन्नीने पाडलेल्या खाचांत) लेप बसतो, मग फोडणी थांबते आणि नुसतं रगडणं सुरू होतं.

चक्कीला 12 इंची पुली बसवली, फेरे 360 झाले. पुली आणि लांब पट्टा मिळून 1,350 रुपये, आणि पट्टा मिळेपर्यंत काम चार दिवस बंद. त्यानंतर माल नीट निघाला. तीन गोष्टी सांभाळायच्या: तोंडातून घास एकसारखा पडायला हवा (तोंडावर पत्र्याची सरकती झडप लावली), प्रत बदलली की अंतर परत लावायचं, आणि तासाभराने चक्की बंद करून दगडाला हात लावून पाहायचा. कोमट चालेल, गरम नाही.

न फुटलेली बी दुसऱ्यांदा त्याच अंतराने घालू नका. ती चाळून बारीक प्रतीत टाकायची.

28 मे

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू. दुपारी 12 ते 4 काम बंद, चक्की टिनाच्या शेडमध्ये आहे.

चारोळी आणि टरफल वेगळं करणं हे सगळ्यात वेळखाऊ. आधी बारीक चाळणीने भुगा आणि तुकडे काढायचे. मग सुपाने पाखडून हलकी टरफलं उडवायची. उरतो तो माल त्रासाचा, कारण टरफलाची वाटी आणि चारोळी आकाराने सारखीच. इथे सूप थोडं तिरपं धरून हळू थापटायचं. अख्खी चारोळी घरंगळत पुढे येते, टरफलाची वाटी पालथी पडून मागे राहते. शेवटी हाताने निवड, स्टीलच्या ताटात, उजेडाकडे तोंड करून. ताट काळं असेल तर चारोळीचा तपकिरी रंग चटकन दिसत नाही.

घरगुती टेबल पंख्यासमोर वरून माल सोडून पाहिला. वारा एकसारखा नसल्याने अर्धी चारोळी टरफलात गेली. परत निवडावी लागली. पंखा सोडून दिला, सूपच बरं.

टरफलं चुलीत छान जळतात, फेकू नका.

31 मे

10-10 किलो बीची तुलना, दोन्ही मधल्या प्रतीची:

ठरावानंतरची पिकलेली बी: अख्खी चारोळी 1 किलो 600 ग्रॅम, तुकडा 300 ग्रॅम.
ठरावाआधीची कच्ची बी: अख्खी 700 ग्रॅम, तीही सुरकुतलेली, तुकडा 400 ग्रॅम.

झाडं तीच, चक्की तीच.

3 जून

चारोळी साठवण. फोडणीआधी पाणी शिंपडलेलं असतं, म्हणून निघालेली चारोळी सावलीत दोन दिवस पसरून परत सुकवायचीच. हा टप्पा चुकला तर डब्यात चार दिवसांत पांढरी बुरशी. बुरशी लागलेली चारोळी धुऊन, भाजून वापरू नका. फेकायची.

चारोळीत निम्म्याहून जास्त तेल असतं. कवच फुटलं की ते खवट व्हायला लागतं. तुकडा अख्ख्यापेक्षा लवकर खवटतो. कोरड्या हवाबंद डब्यात, अंधाऱ्या जागी, दोन-तीन महिन्यांचीच फोडून ठेवावी. बाकी माल बीच्या रूपातच ठेवावा, मागणी येईल तशी फोडावी. कवचासारखा डबा बाजारात मिळत नाही.

बीची पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर. कडुनिंबाचा वाळलेला पाला पोत्यांच्या मध्ये टाकला आहे, बीत मिसळलेला नाही. मिसळला तर नंतर निवडत बसावं लागतं.

9 जून

मृग लागला, पहिला पाऊस झाला. जमिनीवर पडलेल्या फळांची वेगळी ठेवलेली बी रोपांसाठी घेतली. चाराची बी जुनी झाली की उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून त्याच सालची, ताजीच लावायची. कवच जाड आणि टणक, तशीच लावली तर बरीचशी नुसती पडून राहते. हातोडीने शिवणीवर हलकेच टकटक करून कवचाला चीर पाडायची, गराला धक्का नको. पिशवीत माती, वाळू, शेणखत सारखं, बी बोटाच्या एका पेराएवढी खोल. पिशवी लांब घ्या, मूळ सरळ खाली जातं आणि छोट्या पिशवीत गुंडाळतं. निम्म्या पिशव्या चीर पाडलेल्या बीच्या, निम्म्या तशाच, शेजारी शेजारी ठेवल्या.

14 जून

स्वयंपाकातल्या वापराच्या नोंदी, बायांनी करून पाहिलेल्या.

सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर): आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा. अर्धा किलो निवडलेला, पूर्ण कोरडा सांबार, 100 ग्रॅम सुकं खोबरं, 50 ग्रॅम खसखस, 50 ग्रॅम चारोळी. खसखस, खोबरं भाजून घ्यायचं. चारोळी शेवटी टाकून फक्त गरम करायची, लाल होऊ द्यायची नाही, नाहीतर कडवट लागते. इथे तुकडा चालतो, अख्खी घालायची गरज नाही.

साल काढायची असेल (श्रीखंड, बासुंदी, खीर): उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात, सुती कापडात चोळायची. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं राहिलेली चारोळी मऊ पडली आणि चोळताना फुटली.

रस्सा घट्ट करायला: एक चमचा खसखस आणि दोन चमचे चारोळी कोमट पाण्यात भिजवून वाटायची. काजूचं काम करते, चव जास्त चांगली. चारोळी, काजू, आंबा, बिबा एकाच कुळातली झाडं आहेत. ज्याला काजू सोसत नाही त्याला चारोळी देताना सांभाळून.

बर्फी: मध्य प्रदेशातल्या सागरची चिरौंजीची (चारोळीची) बर्फी नावाजलेली आहे, तशी करायचा बेत. 250 ग्रॅम तुकडा जाडसर भरडला, 250 ग्रॅम खवा, 150 ग्रॅम साखर. चारोळी मिक्सरमध्ये सलग फिरवली तर तेल सुटून गोळा होतो. बटण दाबून-सोडून भरडावी. बर्फी चांगली झाली, पण खव्यामुळे पावसाळ्यात टिकत नाही. खव्याविना, गुळाच्या पाकातली चिक्की करून पाहिली, ती डब्यात महिनाभर कुरकुरीत राहिली. विकायला चिक्कीच घेणार.

20 जून

तेल. तुकडा घाण्यावर नेला. घाणेवाला 8 किलोंच्या आत घाणा लावत नाही, तेवढा तुकडा जमवायला सगळ्या प्रतींचा एकत्र केला. तेल फिकट पिवळं, बदामाच्या तेलासारखं. पण तुकड्याच्या रूपात जो पैसा येतो तो तेलातून सुटत नाही. पुन्हा करणार नाही. डिंकाचंही तसंच: चाराच्या खोडाला खाच पाडली की डिंक येतो, पण झाडाला जखम होते. तोडून-पाडून आधीच झाडं कमी झालेली असताना डिंकाला हात लावू नये.

1 जुलै

हिशोब, 10 किलो पिकलेल्या बीवर.

बी तशीच विकली: व्यापाऱ्याचा भाव किलोला 130, म्हणजे 1,300 रुपये. (केंद्र सरकारने 2020 साली चारोळीच्या बीला जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत 126 रुपये होती. भाव पाडून मागणाऱ्याला हा आकडा सांगता येतो.)

फोडून, ठोक विकली: अख्खी 1.6 किलो, 1,100 रुपये भावाने 1,760. तुकडा 300 ग्रॅम, 150 रुपये. एकूण 1,910. फोडणी, पाखडणी आणि निवड मिळून दीड दिवसाची मजुरी 450, वीज आणि पोतं 30. हातात 1,430. म्हणजे बीपेक्षा फक्त 130 रुपये जास्त, चक्कीचा खर्च न धरता.

100 ग्रॅमच्या पुड्या करून, किलोला 1,600 प्रमाणे: अख्खीचे 2,560, तुकड्याचे 150. मजुरी, वीज, पुड्या, चिकटपट्टी मिळून 620. हातात 2,090. पैसा फोडण्यात नाही, पुडीत आहे. मात्र पुडी विकायला अन्न परवान्याची नोंदणी लागते. लहान उद्योगाला ती वर्षाला 100 रुपयांत होते.

कच्च्या मालाचा हिशोबही करून ठेवला: 700 ग्रॅम अख्खी आणि 400 ग्रॅम तुकडा, ठोक भावाने 970 रुपये, त्यातून मजुरी वजा. असा माल फोडायला घेऊच नये.

वाहतूक: वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेला देता येतो. माल नागपूरच्या इतवारी बाजारात पाठवताना ग्रामसभेच्या शिक्क्याचा परवाना सोबत दिला. वाटेत एका नाक्यावर तो परवाना मानायलाच तयार नव्हते, गाडी दोन तास उभी. नियमाची छापील प्रत गाडीत ठेवावी.

मिठाच्या मापाला चारोळीचं माप असा व्यवहार बस्तरात कित्येक वर्षं चालला. गावातल्या काट्यावर वजन करून, पावती घेऊनच माल द्यायचा, हे त्यामुळे ठरावातच लिहिलं आहे.

12 ऑगस्ट

रोपं: चीर पाडलेल्या बीच्या निम्म्याहून थोड्या जास्त पिशव्यांत कोंब. तशीच लावलेली बी फार थोडी उगवली. काही कोंब उंदरांनी खाल्ले, पिशव्यांवर जाळी टाकली. रोप पहिल्या वर्षी फार हळू वाढतं, वीतभर झालं तरी पुष्कळ. गाई-शेळ्यांपासून राखलं नाही तर लावून उपयोग नाही.

5 ऑक्टोबर

जूनमध्ये फोडलेली चारोळी आणि जूनमध्ये वाळवून ठेवलेल्या बीतून आज फोडलेली चारोळी, दोन्ही चाखून पाहिली. जूनची अख्खी: खाण्यालायक, शेवटी किंचित जुनाट चव. जूनचा तुकडा: खवट, बाद. आज फोडलेली: ताजी. टिनाच्या छपरावर वाळलेल्या बीतली: कवचात असूनही खवट.

दिवाळीच्या मागणीसाठी 40 किलो बी पाणी शिंपडून ठेवायला काढली.

18 डिसेंबर

थंडीत बी जास्त कोरडी होते. 10 किलोला 300 मिलिलिटर पाण्यावर परत तुकडा वाढायला लागला. 400 मिलिलिटर केलं, पोतं रात्रीऐवजी पूर्ण दिवस बांधून ठेवलं, अख्ख्याचं प्रमाण पहिल्यासारखं आलं. चक्कीचे दगड टाकी लावून घेतले, 250 रुपये. टाकी लावल्यावर पहिला किलोभर माल दगडाच्या भुकटीसकट निघतो, तो विक्रीत धरू नये. शिल्लक बी 65 किलो, बारीक प्रत, मोठी आणि मधली संपली.